खुराडं धुऊ नका

कोंबड्या पाळायच्या तर खुराडं रोज धुतलंच पाहिजे, असं जबलपूरच्या सदर भागातल्या कुठल्याही मराठी घरात सांगतील. सांगणारी माणसं आळशी नाहीत. उलट फार टापटिपीची आहेत. सकाळी नळाला पाणी आलं की अंगणाबरोबर खुराडंही धुऊन निघतं. नळी सोडायची, खराट्याने कोबा घासायचा, वर फिनेलचा हात फिरवायचा आणि पाणी गल्लीतल्या नालीत ढकलून द्यायचं. नऊ वाजता खुराडं चकचकीत दिसतं आणि वासही नसतो. दुपारी दोन वाजता तिथे उभं राहवत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, उद्यापासून दोनदा धुवा.

या सल्ल्याला माझा पूर्ण विरोध आहे. कोंबडीच्या घरात पाणी ओतणं ही स्वच्छता नव्हे. खुराड्याचा वास, माश्या, कोंबड्यांचे पाणावलेले डोळे आणि पिलांची रक्ती हगवण या सगळ्याच्या मुळाशी ओल असते, आणि आपण ती रोज सकाळी स्वतःच्या हाताने आत नेऊन सोडतो. कोंबडीखाली हवी ती जाड, कोरडी, भुसभुशीत गादी. ती नीट निवडली आणि नीट राखली तर खुराडं महिनोन् महिने धुवावं लागत नाही, आणि शेजाऱ्याला नाकाला पदरही लावावा लागत नाही.

आधी वास येतो कुठून ते पाहू. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. दहा कोंबड्या असल्या तर रोज किलोभर विष्ठा, आणि त्यात पाऊण लिटर किंवा थोडं जास्तच पाणी. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक आम्ल. ते कोरडं राहिलं तर काही त्रास देत नाही. ओल मिळाली की जिवाणू त्याचा युरिया करतात आणि युरियापासून अमोनिया सुटतो. नाकात झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास तो हाच. म्हणजे विष्ठा रोज पडणारच. तिचा अमोनिया होणार की नाही हे तिच्याभोवती ओल किती आहे यावर ठरतं.

धुणारे यावर म्हणतात की विष्ठाच उरली नाही तर अमोनिया कशाचा होणार? खुराड्याची जमीन स्टीलच्या ताटासारखी असती तर त्यांचं म्हणणं खरं झालं असतं. आपल्याकडे असतो जुना कोबा: भेगा पडलेला, कोपऱ्यात खचलेला, बसायच्या दांडीचे लाकडी पाय जमिनीत गेलेले, भिंतीला खालच्या दोन विटा उघड्या पडलेल्या. पाण्याचा फवारा मारला की वरचा ढीग जातो, पण बाकीची विष्ठा पातळ होऊन सगळ्या जमिनीवर पसरते आणि प्रत्येक भेगेत मुरते. आधी ती चार ठिकाणी होती, आता सगळीकडे आहे, आणि ओली आहे. त्यावर दहा कोंबड्यांचा दिवसभराचा नवा माल पडतो, तोही शोषून घ्यायला खाली काही नाही. जिवाणूंना याहून जास्त काय हवं?

मे महिन्यात हा कोबा अर्ध्या तासात वाळतो, म्हणून उन्हाळ्यात धुणाऱ्यांचं फारसं बिघडत नाही आणि आपली पद्धत बरोबर आहे असा त्यांचा समज पक्का होतो. खरी परीक्षा पावसाळ्यात. जबलपूरला वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जूनअखेर ते सप्टेंबरपर्यंत. श्रावणात इथे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्या हवेत सकाळी धुतलेला कोबा दुसऱ्या सकाळपर्यंत ओलाच असतो, आणि पुन्हा धुतला जातो. डिसेंबर-जानेवारीत वेगळा त्रास. नर्मदेकाठची ती थंडी, गार ओलं सिमेंट आणि त्यावर रात्रंदिवस उभी कोंबडी. पायाच्या तळव्याला चिरा पडतात, त्यांत घाण जाते, तळवा सुजून गाठ होते. लंगडणारी कोंबडी पाहून लोक पायाला हळद लावतात. पायाखाली काय आहे ते बघत नाहीत.

अमोनियाचं नुकसान नुसत्या वासापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. माणसाच्या नाकाला तो जाणवू लागतो हवेच्या दहा लाख भागांत १० ते २० भाग झाल्यावर, आणि २५ च्या वर गेला की कोंबड्यांना बाधतो, असं कुक्कुटपालनात साधारणपणे मानतात. तेव्हा वास स्पष्ट येतोय म्हणजे धोक्याची रेघ जवळच आली. आपण दारात उभे राहून वास घेतो. कोंबडी जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते, जिथून अमोनिया सुटतो तिथेच. खुराड्यात वाकून, गुडघ्यावर बसून, तिच्या डोक्याच्या उंचीला नाक नेऊन पाहा. बाहेरून ‘थोडासा वास’ वाटतो तो तिथे डोळे चुरचुरवतो.

हा वायू श्वासनळीतले बारीक केस निकामी करतो. रोगजंतू बाहेर लोटायचं काम त्या केसांचं असतं. १९६४ साली अँडरसन, बियर्ड आणि हॅन्सन या अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की दहा लाखांत २० भाग एवढ्याच अमोनियात काही दिवस ठेवलेल्या कोंबड्यांना न्यूकॅसल रोगाची लागण जास्त सहज होते. न्यूकॅसल म्हणजे आपला राणीखेत, खेड्यातली मानमोडी. कोंबड्यांना लस टोचून घेणारी माणसं मी सदरमध्ये पुष्कळ पाहतो. लस घेतलीच पाहिजे. पण लस द्यायची आणि रोज सकाळी खुराड्यात अमोनियाची सोय करायची, हे एकमेकांच्या विरुद्ध चाललेलं काम आहे.

आता गादीकडे. गादी म्हणजे कोंबडीला मऊ लागावं म्हणून केलेला लाड, असं समजणारे तिला उडवून लावतात. तिचं काम निराळं आहे. भाताचं तूस किंवा लाकडाचे छिलके चार-सहा इंच जाड पसरले की विष्ठेतलं पाणी त्यांत शोषलं जातं, मोठ्या पृष्ठभागावर पसरतं आणि उडून जातं. कोंबड्या दिवसभर उकरतात, त्यामुळे विष्ठा आत मिसळते, हवा खेळते. तुसात आणि लाकडात कार्बन भरपूर, विष्ठेत नत्र भरपूर. दोन्ही एकत्र आले की जिवाणू तो नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतात, म्हणजे अमोनिया होऊन उडून जाणारा नत्र गादीतच अडकतो. चांगल्या जुन्या गादीत हात मनगटापर्यंत घालून पाहावा. वरची दोन बोटं कोरडी, भुसभुशीत. खाली किंचित दमट, कोमट. रंग काळपट तपकिरी. विष्ठा ओळखू येत नाही. आणि वास येतो तो पहिल्या पावसानंतरच्या रानातल्या पाचोळ्याचा. मूठभर उचलून दाबायची. मूठ उघडल्यावर माल सैल सुटला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हाताला काहीच न चिकटता नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. एवढीच परीक्षा. वजनाने मोजायचं झालं तर गादीत २० ते २५ टक्के ओल चांगली. ३० च्या वर गेली की ढेपा बांधायला लागतात.

‘अहो, पण म्हणजे घाण घरात साठवायची?’ आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला हे अगदी कळकळीने विचारलं होतं. प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या वूस्टरच्या शेती प्रयोग केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन या दोघांनी १९४० च्या दशकात नेमका हाच प्रश्न तपासला. तोवर तिकडेही गादी वारंवार उपसून नवी घालण्याची शिकवण होती. त्यांनी एकाच गादीवर भर घालत ती महिनोन् महिने ठेवली, आणि तिच्यावरच्या कोंबड्या वारंवार बदललेल्या नव्या गादीवरच्या कोंबड्यांपेक्षा चांगल्या राहिल्या, मरही कमी. मुरलेल्या गादीत जिवाणू ब१२ जीवनसत्त्व तयार करतात आणि उकरताना कोंबडीला ते मिळतं, हेही त्याच सुमारास ध्यानात आलं. १९४८ साली ब१२ वेगळं काढता आलं आणि मुरलेल्या गादीचा हा फायदा कशामुळे, या कोड्याचा उलगडा झाला. म्हणजे आजींना जी साठवलेली घाण वाटते तिचं आत रूपांतर होत असतं. अट एकच: ती कोरडी राहिली पाहिजे.

धुणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा रक्ती हगवणीचा आहे आणि तो मी टाळणार नाही. या रोगाच्या परजीवीचे कोष विष्ठेतून पडतात, तेव्हा ते लगेच बाधा करत नाहीत. पिकायला त्यांना साधारण एक-दोन दिवस लागतात. मग रोज विष्ठा काढली तर पिकायच्या आत ते बाहेर गेले, हा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण पिकायला त्यांना वेळेबरोबर ऊब आणि ओलही लागते. नळीचं पाणी त्यांतले काही नालीत नेतं आणि उरलेल्यांना भेगेत बसवून त्यांना हवी ती ओल पुरवतं. फिनेलने ते मरत नाहीत. त्यांचं कवच फार चिवट असतं. कोरड्या गादीत बहुतेक पिकतच नाहीत. जे थोडे पिकतात ते पक्ष्याच्या पोटात गेले की हळूहळू त्याची प्रतिकारशक्ती तयार होते. ओल्या गादीत मात्र ही सगळी मांडणी उलटते, आणि तिथे मी धुणाऱ्यांशी भांडणार नाही: ओली गादी ही धुतलेल्या कोब्यापेक्षाही वाईट. रोज विष्ठा काढायची हौस असेल तर रात्री बसायच्या दांडीखाली एक फळी ठेवावी. निम्मी विष्ठा तर रात्रीच पडते. सकाळी ती उलथन्याने किंवा खुरप्याने खरवडून बादलीत घ्यावी आणि पाण्याचा थेंबही न लावता फळी पुन्हा जागेवर सरकवावी. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि गादीचं आयुष्य त्याने दुप्पट होतं.

चुन्याचं काय? वास आला की मूठभर चुना भुरभुरावा, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याच्यावर शंका घेणं लोकांना विचित्र वाटतं. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला नवसागर आणि विझवलेला चुना तळहातावर एकत्र चोळून त्याचा वास घ्यायला लावत असत. कोरड्या दोन पुडी, पण चोळल्याबरोबर नाक झोंबायचं, कारण चुना नवसागरातला अमोनिया बाहेर ढकलतो. ओल्या गादीवर चुना टाकला की हेच होतं. विष्ठेतला जो अमोनिया अजून विरघळलेल्या रूपात बसून आहे तो अल्क मिळाल्याबरोबर वायू होऊन उडतो, तोही कोंबड्या आत असताना. दुसऱ्या दिवशी वास कमी होतो, आणि चुन्याने काम केलं असं वाटतं. खरं तर साठा उडून गेला, आणि मध्ये कोंबड्यांच्या फुप्फुसांतून गेला. लाकडाची राखही याच कारणाने गादीत मिसळू नये. धूळस्नानासाठी कोपऱ्यात घमेल्यात ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी.

कुणी म्हणेल की ओहायोवाल्यांनीही गादीत चुना घातला होता. घातला होता, हे खरं. ती गादी जाड आणि कोरडी होती, तिची ढेप होऊ नये म्हणून चुना घालून ती खालीवर केली जात असे. इथे तो घालतात तो पाणभांड्याखालच्या चिखलावर, वास दाबायला. चुन्याची खरी जागा रिकाम्या खुराड्यात आहे. सगळी गादी उपसली, जमीन झाडली, उन्हात तापली, भिंतींना सफेदी केली, भेगांत पिसवा आणि गोचिड्या लपतात तिथे चुन्याचा हात दिला, तो वाळला, मग नवी गादी. त्या कामाला चुन्यासारखी स्वस्त चीज नाही.

गादी कशाची करावी यावरही आमच्याकडे मतं पुष्कळ, आणि त्यांतलं सगळ्यात जोरात सांगितलं जाणारं मत चुकीचं: वाळू. ‘नर्मदेची वाळू आणा, चाळणीने विष्ठा उचला, झालं.’ वाळूच्या बाजूने काही आहे हे मी मान्य करतो. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात मांसाच्या कोंबड्यांवर वाळूचे प्रयोग झाले आहेत आणि निकाल वाईट नव्हते. पण ती मोठी, पक्क्या छपराची शेडं. परसातल्या खुराड्यात वाळू पाणी शोषत नाही, खाली झिरपू देते. खाली कोबा असला तर पाणी तिथेच तुंबतं. तिच्यात कार्बन नाही, म्हणून विष्ठेचं काही होत नाही; ती फक्त वाळूत लपते. जानेवारीच्या रात्री ती गारठते. आणि वापरून झाल्यावर तिचं करायचं काय? तूस बागेत जातं. विष्ठेची वाळू कुठेच जात नाही. त्यात नर्मदेच्या पात्रातून वाळूचा जो बेसुमार उपसा चाललेला आहे तो आपल्या डोळ्यांदेखत आहे. चार कोंबड्यांच्या पायाखाली घालायला त्यात आणखी एक ट्रॉली भर कशाला?

आपल्या भागात देवाने धान दिलं आहे. पाटण, सिहोरा, पनागर या बाजूला धानाचं पीक मोठं, तिकडे बालाघाट आणि त्यापलीकडे आपलं गोंदिया, म्हणजे राईस मिलचाच मुलूख. तूस तिथे निघतं तेव्हा नोव्हेंबरपासून पुढे ते मुबलक असतं. पावसाळ्यात मागायला गेलात तर मिळेलच असं नाही, कारण मिल स्वतःच्या बॉयलरला तेच जाळते आणि वीटभट्टीवालेही उचलतात. म्हणून हिवाळ्यातच चार-पाच पोती भरून, फळीवर, भिंतीपासून लांब, छपराखाली रचून ठेवावीत. तुसात सिलिका असते, त्यामुळे ते पाण्याने लिबलिबीत होत नाही, ढेप कमी बांधतं आणि लवकर कुजत नाही. त्याच कारणाने ते पाणी थोडं कमी शोषतं. लाकडाचे छिलके उलट जास्त शोषतात. दोन भाग तूस आणि एक भाग छिलके असं मिश्रण मला सगळ्यात चांगलं वाटतं, आणि जबलपुरात ते सहज जमतं.

छिलके घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. सुताराच्या रंध्याखाली पडणारे कुरळे, पातळ छिलके घ्यायचे. आरा मशीनखालचा पिठासारखा भुसा घ्यायचा नाही. तो पाणी पितो आणि दगड होतो, वाळला तर धूळ होऊन छातीत जातो, आणि पिलं तो दाणा समजून खातात, मग गळ्याजवळच्या अन्नपिशवीत गच्च बसतो. प्लायवूड आणि एमडीएफ कापणाऱ्या दुकानातला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. पॅकिंगच्या खोक्यांचं, पॅलेटचं लाकूड कुणी दिलं तर त्यावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घेऊ नये. शिक्काच नसेल तर त्याला काय लावलंय ते कळत नाही, म्हणून तेही नको.

गव्हाचं कुटार इथे ढिगाने मिळतं आणि लोक तेच टाकतात. हिवाळ्यात ठीक. पावसाळ्यात ते चापट होऊन एकावर एक बसतं, वरून कोरडं दिसतं आणि उचलून पाहिलं तर खाली पांढरी बुरशी. ही बुरशी पिलांच्या फुप्फुसांत वाढते. धापा टाकत, चोच उघडी ठेवून पिलं मरतात आणि लोकांना वाटतं सर्दी झाली. भुईमुगाची टरफलंही बुरशीच्याच भीतीने मी वर्ज्य मानतो. सागाची पानं मोठी म्हणून गोळा करू नयेत, ती ओल अडवून धरतात. कडुनिंबाचा वाळलेला पाला मिसळला तर हरकत नाही. वर्तमानपत्र पिलांखाली अंथरायची सवय तर सोडायलाच हवी. गुळगुळीत कागदावर पिलाचे पाय फाकतात आणि पहिल्या आठवड्यात फाकलेले पाय पुढे सरळ होणं अवघड.

पिलांची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी मुरलेल्या गादीचा आग्रह धरत नाही. पिलांना नवी, स्वच्छ, कोरडी गादी, दोन-तीन इंच जाड. मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या गादीवर कोवळी पिलं सोडणं म्हणजे एकदम मोठ्या मात्रेने रोग देणं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी बोललं पाहिजे, कारण त्यांच्यामुळेच धुणाऱ्यांना बोलायला जागा मिळते. ‘गादी पद्धत म्हणजे काहीच करायचं नाही, सहा महिन्यांनी उपसायची’ असं सांगणारे गादीचे मित्र नाहीत. पावसाळ्यात सदरमध्ये ज्या खुराड्यांचा खरोखर घाणेरडा वास येतो त्यांतली अर्धी यांची असतात. पत्र्याच्या छपराची पन्हळ खुराड्यातच गळते आणि कुणी पाहत नाही. पाणभांडं जमिनीवर ठेवलेलं, कोंबड्या त्यात पाय घालतात, उलटवतात, आणि भोवती हातभर जागेत काळा चिखल. पाणभांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं, त्याखाली जाळीची चौकट किंवा खडीचा पाट केला, की गादीतली निम्मी ओल आपोआप संपते. तरीही एखादी जागा ओली झालीच तर ती ढेप फावड्याने त्याच दिवशी उचलून बाहेर काढायची आणि तिथे कोरडं तूस घालायचं. सगळी गादी बदलायची गरज नसते. आठवड्यातून दोनदा, पावसाळ्यात एक दिवसाआड, काट्याने किंवा फावड्याने सगळी गादी खालीवर करायची. कोंबड्या कोपरे उकरत नाहीत, तिथे आपल्यालाच उकरावं लागतं. मूठभर गहू संध्याकाळी कोपऱ्यात फेकला तर उरलेलं काम कोंबड्या करतात. वरून हवा जायला वाट हवी: अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, म्हणून छपराखाली, कोंबडीला वारा थेट लागणार नाही अशा उंचीवर जाळीची फट. आपल्याकडे थंडीत ती फट पोत्याने बुजवून टाकतात. आत ऊब राहते आणि वायूही राहतो. पोतं वाऱ्याच्या बाजूला खाली लावा, वरची फट उघडी ठेवा.

मे महिन्यात हे सगळं थोडं बदलावं लागतं, हेही सांगितलं पाहिजे. पारा चाळिशीच्या वर गेला की जाड गादीची ऊब कोंबडीला नको असते. तेव्हा ती दोन इंचांवर आणावी, आणि फार धूळ उडायला लागली तर संध्याकाळी हलका शिंतोडा मारावा. शिंतोडा, नळी नव्हे.

सदरमधल्या कोंबड्यांवर शेजाऱ्यांची तक्रार असते आणि तिचा शेवट बहुतेकदा एकाच वाक्यात होतो: छावणीच्या बाजारवस्तीत कोंबड्या नकोतच. इथे वाडे लागून आहेत, भिंती सामाईक आहेत, उपद्रव झाला तर कॅन्टोन्मेंट बोर्डाने लक्ष घालावं हे रास्तच आहे. वास सहन करा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण कोंबड्या हटवा ही मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास निघाली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. लोक पाळणार आहेत. आणि जबलपूर तर या विद्येचं माहेर. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं, आज ते आपल्या मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठाचा भाग आहे. कडकनाथ आणि ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून परसातल्या पालनासाठी नर्मदानिधी ही कोंबडी इथेच तयार झाली. पिलं आणायला जाणारा माणूस जात विचारतो, अंडी किती देईल विचारतो, लस विचारतो. खाली काय घालू, हे तिथेच विचारून यावं, आणि पिलांच्या आधी तूस घरात आलेलं असावं.

नालीत जाणाऱ्या पाण्याबद्दल शेजारी बोलतात तेव्हा ते पूर्णपणे बरोबर असतात. दहा कोंबड्यांची विष्ठा रोज पातळ करून सामाईक नालीत सोडायचा हक्क कुणालाच नाही. माश्या होतात त्या तिथे आणि ओल्या ढिगात. घरमाशीची अळी ओल्या विष्ठेत वाढते, कोरड्या गादीत तिला जगता येत नाही, आणि जी वाढते ती कोंबडी खाऊन टाकते. खुराडं धुणारा माणूस आपली घाण शेजाऱ्याच्या दारावरून वाहून नेतो. गादी राखणारा ती स्वतःच्या परसात, स्वतःच्या झाडांना देतो.

उपसायची वेळ दिवाळीच्या सुमाराला, पाऊस पूर्ण सरल्यावर. दोन भाग काढायचे, एक भाग मागे ठेवायचा. विरजण ठेवतात तसा, म्हणजे नवी गादी लवकर लागते. घरात राणीखेत, रक्ती हगवण किंवा कसलीही मोठी मर झाली असेल तर मात्र काही मागे ठेवायचं नाही. सगळं उपसायचं, आणि बर्ड फ्लूचा संशय असेल तर हातही न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं; २००६ साली नवापूरला कोंबड्यांबरोबर त्यांच्याखालची गादीही नष्ट करावी लागली होती. एरवी उपसलेला माल सावलीत ढीग करून, वर ताडपत्री टाकून किमान दोन-तीन महिने कुजू द्यायचा, मधून मधून उलटायचा, ढीग आतून तापला पाहिजे. ताजा माल कोथिंबिरीच्या किंवा पालकाच्या वाफ्यात घालू नये: नत्राने मुळं जळतात आणि विष्ठेतले जंतू पानावर येतात. संक्रांतीनंतर तो वांग्याला, मिरचीला, लिंबाच्या आळ्याला निःशंक घालता येतो. झाड नसेल तर कुंडीवाल्या शेजाऱ्याला पोतंभर द्यावा. तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याला खुराड्यात बोलवावं, मूठभर गादी त्याच्या हातावर ठेवावी आणि वास घ्यायला सांगावं. त्याला वास आला तर त्याची तक्रार खरी आहे; मग पन्हळ, पाणभांडं आणि कोपरे त्याच दिवशी तपासावेत.